दोन हाका

मालनबाई: डोळे मीट, मिने, अन् मनात आण. कुरुंद्याकडचा माळ. सकाळचं धुकं इतकं, की आपलाच हात दिसंना. त्यात तुझ्याएवढी एक पोरगी शेळ्या घेऊन चाललेली.

मिना: आजी, मला आज माळावर दोनदा हाक आली, त्याचं मी विचारून राहिले. उद्या शेळ्या न्यायच्या का न्हाई, तेवढं सांगा.

मालनबाई: तेच सांगते. तिलाही मागून हाक आली. नाव घेऊन. आवाज बराबर तिच्या बापाचा.

मिना: तिनं ओ दिली?

मालनबाई: न्हाई. आपल्या तांड्यात काय सांगतात?

मिना: तिसऱ्या हाकेबिगर ओ द्यायची न्हाई. भुताला तिसरी हाक मारता येत न्हाई.

मालनबाई: तिलाही तेच ठाऊक. ती चालत राहिली. दुसरी हाक आली, तशी थांबली. तिसरीची वाट पाहिली. तिसरी आलीच न्हाई.

मिना: म्हणजे भूतच.

मालनबाई: तिलाही तसंच वाटलं. पण शेळ्यांनी माना वळवल्या अन् निघाल्या आवाजाकडं. शेळी परक्याच्या हाकेला जाते का?

मिना: माझ्या तर मामाच्या हाकेलापण जात न्हाईत.

मालनबाई: मग तीही भीत भीत शेळ्यांमागं गेली. तिकडं कोणीच नव्हतं. उन्हं आली, धुकं विरलं, तवा दिसलं. ती थांबली होती तिथून दोन पावलं पुढं विहीर. कठडा नसलेली.

मिना: अन् बाप?

मालनबाई: घरी, तापानं पडलेला. घसा बसून तीन दिवस झालेले. तोंडातून शब्द निघत नव्हता.

मिना: मग हाक मारली कोणी?

मालनबाई: रविवारी प्रार्थनेत आपण मेंढपाळ कोणाला म्हणतो?

मिना: येशूला. पण तो बापाच्या आवाजात काहून बोलला?

मालनबाई: शेळ्या ओळखतील असाच आवाज लागला असंल. पन्नास वर्षं झाली, मला दुसरं उत्तर सापडलं न्हाई.

मिना: आजी, माझ्या शेळ्यांनीपण माना वळवल्या होत्या.

मालनबाई: कवा?

मिना: दोन्ही हाकांना. मीच गप बसले. त्यांना मारत मारत घरी आणलं.

(मालनबाई मिनाला जवळ ओढून घेते.)

मिना: पुढं त्या पोरीनं काय केलं?

मालनबाई: दुसऱ्या दिवशी परत धुकं होतं. ती गोठ्याच्या दारात उभी राहिली. हाक काही आली न्हाई. तरी तिनं कालच्या हाकेला ओ दिली, अन् शेळ्या सोडल्या.