मन्सूरभाईंची वाळू

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या प्लँटचे प्रमुख माननीय निरंजन साहेब, वेळात वेळ काढून आलेले आपल्या युनियनचे ज्येष्ठ मार्गदर्शक आदरणीय अण्णासाहेब, सूत्रसंचालन करणाऱ्या क्वालिटी विभागाच्या मिनल मॅडम, सत्कारमूर्ती मन्सूरभाई, पहिल्या रांगेत बसलेल्या ताजुन्निसा भाभी आणि त्यांची कन्या अफरीन, पहिली पाळी सुटूनही घरी न जाता थांबलेले आणि दुसऱ्या पाळीतून सुपरवायझरचा डोळा चुकवून आलेले माझे सर्व सहकारी बंधू-भगिनी, आपणा सर्वांना नमस्कार, सलाम आणि जयभीम.

मी साहेबराव रणपिसे, मेंटेनन्स. मला पाच मिनिटं दिली आहेत. मेंटेनन्सच्या माणसाने सांगितलेल्या वेळेत काम संपवलं असं या चाकणच्या पट्ट्यात कुणी ऐकलं आहे का? तेव्हा थोडं मागेपुढे होईल.

मन्सूरभाई युटिलिटीतले पाण्याचे माणूस. कंपनीत येणारं आणि कंपनीतून जाणारं सगळं पाणी गेली सत्तावीस वर्षं त्यांच्या हाताखालून गेलं. पुनावळ्याहून कंपनीची बस आधी मला घेते, मग देहूरोडला त्यांना. खिडकीची जागा मी धरून ठेवतो. आज व्यासपीठावरून मी त्यांना अहो-जाहो करतोय, याचं त्यांना मघापासून हसू येतंय. बसमध्ये आम्ही अरे-तुरेवर असतो.

त्यांच्या वक्तशीरपणाबद्दल आणि मनमिळाऊपणाबद्दल आधीच्या वक्त्यांनी भरपूर सांगितलं. सगळं खरं आहे. पण आपल्या लॉबीतल्या टाकीबद्दल कुणी बोललं नाही. निरोपाच्या दिवशी ते बोलू नये असा संकेत असावा. मला मात्र दुसरं काही बोलताच येणार नाही, म्हणून मिनल मॅडमची आधीच क्षमा मागतो.

नवीन मुलांसाठी सांगतो. लॉबीत आज जिथे प्लास्टिकचं झाड उभं आहे, तिथे सहा फुटांची काचेची टाकी होती. खाऱ्या पाण्याची. आधीच्या एका साहेबांना हौस होती. वर्षभर पुण्याचा दुकानदार येऊन सांभाळायचा. त्याचं कंत्राट संपलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, पाणी म्हणजे युटिलिटी. झालं, टाकी मन्सूरभाईंकडे आली. त्यांना माशांतलं काही कळत नव्हतं. सहा महिन्यांत असं कळायला लागलं, की तो दुकानदारच यांना फोन करून विचारायचा.

त्या टाकीत एक मासा होता. पांढरा, अंगावर केशरी ठिपके. त्याचा उद्योग एकच. तोंडभर वाळू घ्यायची, त्यातलं खाणं गाळून घ्यायचं आणि वाळू कल्ल्यांतून खाली सोडायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. एक दाणा तपासल्याशिवाय सोडत नाही म्हणून आम्ही त्याचं नाव ठेवलं क्यूसी, क्वालिटी कंट्रोल. मिनल मॅडम, तो आदर होता, चेष्टा नव्हती. बरं, थोडी चेष्टा होती.

आता मूळ गोष्ट. टाकीतल्या प्रवाळाला वाढायला चुना लागतो. तो पाण्यातून मिळावा म्हणून एक पांढरी पावडर रोज घालायची असते. जरुरीपुरतीच. जास्त झाली की चुना पाण्यात राहत नाही, खाली बसतो आणि वाळूचे दाणे एकमेकांना चिकटवतो. बॉयलरच्या नळीत क्षाराचा थर कसा धरतो, ते आपल्यापैकी ज्यांनी छिन्नीने खरवडून काढला आहे त्यांना सांगायला नको.

अडीच वर्षांपूर्वी मन्सूरभाईंचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. वीस दिवस रजा. जाण्याआधी ते माझ्या टेबलाशी आले, सगळं तोंडी सांगितलं, आणि माझ्यावर विश्वास नव्हता की जास्त होता कुणास ठाऊक, एक चिठ्ठीही दिली. ती चिठ्ठी माझ्याकडे आहे. वाचतो. "पावडर फक्त सकाळी. एक सपाट चमचा. आधी टेस्ट करणे. आकडा वर असेल तर घालू नये."

एवढंच. चार वाक्यं. तिसरीतल्या पोरालाही समजावं.

मी काय केलं? मी म्हटलं, चिठ्ठीवर काम चालत नाही, सिस्टीम पाहिजे. मी चेकशीट बनवली. आपल्या कंपनीच्या चेकशीटला तीन रकाने असतात, पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यात मला "लागू नाही" असं लिहिता आलं असतं. पण ऑडिटला येणारे विचारतात, लागू का नाही? त्याचं उत्तर द्यायचा मला कंटाळा आला. मी रकाने मोकळे सोडले आणि शीट टाकीच्या बाजूला लावली. टेस्टचा रकानाच ठेवला नाही, कारण तो कागदावर मावत नव्हता.

मोकळा रकाना दिसला की आपला माणूस काय करतो? भरतो. पहिल्या पाळीने चमचा घातला, सही केली. दुसरीने घातला, सही केली. तिसऱ्या पाळीला आपले माणचे अर्जुनराव होते. मी त्यांना नंतर विचारलं तेव्हा ते म्हणाले, "साहेब, रकाना हाय म्हणल्यावर भरायला नको व्हय?" त्यांचं काय चुकलं? अर्जुनराव, तुम्ही मागे उभे आहात, मला दिसताय. तुमचं काहीच चुकलं नाही.

वीस दिवस, साठ चमचे. आणि चेकशीट अशी सुंदर भरलेली, की त्या महिन्यात तिचा फोटो नोटीस बोर्डावर लागला होता.

मन्सूरभाई परत आले. पोटाला पट्टा बांधलेला होता, तरी आधी लॉबीत गेले. बाही वर करून त्यांनी वाळूत बोट घातलं. बोट गेलं नाही. मी शेजारी उभा होतो. त्यांनी दुसरीकडे घालून पाहिलं, तिसरीकडे घालून पाहिलं. सहा फुटांची वाळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लादीसारखी बसली होती. क्यूसी तिच्यावर तोंड आपटत होता. एकदा आपटायचा, मागे सरायचा, जरा पुढे जाऊन पुन्हा आपटायचा.

मी म्हटलं, छिन्नी मागवू, तासाभरात फोडून टाकू. ते नको म्हणाले. अशा वाळूखाली सडका वायू अडकलेला असतो, एकदम फोडली तर तो पाण्यात येतो आणि होतं नव्हतं ते सगळं मरतं. मग त्यांनी आपल्या पद्धतीने सुरुवात केली. पावडर बंद. पाणी थोडं थोडं बदलायचं. मॅग्नेशियम कमी पडलं होतं, ते हळूहळू वर आणायचं. आणि दर शनिवारी तळहाताएवढाच तुकडा एका कोपऱ्यातून सोडवायचा, नळीने गाळ ओढून घ्यायचा आणि पुढच्या शनिवारपर्यंत हात लावायचा नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते नळीने क्यूसीच्या तोंडाशी खाणं धरायचे. त्या माशाला आयतं खायची सवय नव्हती. निम्मं वाया जायचं.

अकरा शनिवार हे चाललं. कोपऱ्यात ताटाएवढी वाळू मोकळी झाली होती. क्यूसी तिथेच असायचा. पण त्याचं पोट आत गेलेलं दिसायचं, आणि एवढ्याशा वाळूत त्याला पुरेल इतकं खाणं नव्हतं. बाराव्या आठवड्यात एका मंगळवारी तो त्या मोकळ्या कोपऱ्यातच मेलेला सापडला. पुढच्या महिन्यात टाकी उपसली. आत काय होतं? हे.

हे मी टेबलावर ठेवलंय, तो दगड नाही. ती वाळू आहे. आज सकाळी मन्सूरभाईंनी लॉकर रिकामा केला, त्यात डबा, चप्पल आणि हे होतं. बाजूने बघा, आत एक गोगलगाय आहे. अशा गोगलगायी त्या वाळूत राहायच्या. बाहेर यायला तिला जमलं नाही.

इथपर्यंतचं पुष्कळांना माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

टाकी कंपनीची, तेव्हा चौकशी झाली. आपल्याकडे पद्धत आहे, पाच वेळा "का" विचारायचं. मासा का मेला? उपाशी राहिला. का? वाळू घट्ट झाली. का? पावडर जास्त पडली. का? रोज तीन वेळा घातली गेली. पाचवा "का" लिहायला कागद माझ्याकडे आला. चेकशीट चुकीची होती, असं मला लिहायचं होतं. खाली बनवणारा म्हणून माझी सही होती. मी लिहिलं, "संबंधित ऑपरेटरने रजेवर जाण्यापूर्वी योग्य सूचना दिल्या नाहीत." ही चिठ्ठी तेव्हा माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

मन्सूरभाईंना ताकीदपत्र मिळालं. सत्तावीस वर्षांत एकच.

आपल्याकडे अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर ज्याची फाइल स्वच्छ आहे, त्याला दोन वर्षं वाढवून मिळतात. युटिलिटीत गेल्या वर्षी दोघांना मिळाली. मन्सूरभाईंना मिळाली नाहीत. अफरीनच्या नर्सिंगची दोनच वर्षं राहिली आहेत आणि ही दोन वर्षं या घराने हिशोबात धरली होती. म्हणजे आजचा हा हार, ही शाल, हा नारळ, हा निरोप वयामुळे नाही. माझ्या एका ओळीमुळे आहे. भाभी, हे तुम्हाला असं सगळ्यांसमोर कळतंय, मला लाज वाटते.

सोमवारी मी चिठ्ठी घेऊन निरंजन साहेबांकडे गेलो. साहेबांनी मला बसवलं, शांतपणे ऐकलं. ते म्हणाले, साहेबराव, मुदतवाढीची यादी मार्चमध्येच वर गेली, आता काही होत नाही. अण्णासाहेबांनीही दोन फोन केले. तेच उत्तर आलं. दोघांचा मी आभारी आहे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होवो, तिने मन्सूरभाईंची दोन वर्षं परत येणार नाहीत. घट्ट झालेली वाळू अकरा शनिवारांत ताटाएवढी तरी सुटली. हे तेवढंही सुटलं नाही.

काल सकाळी बसमध्ये, तळेगाव गेल्यावर, मी त्यांना सांगितलं. अडीच वर्षं रोज खांद्याला खांदा लावून बसत होतो, आणि सांगायला शेवटून दुसरा दिवस उजाडला. ते खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "मला माहीत होतं, साहेबराव. रजेवरून आलो त्याच दिवशी शीट बघितली. खाली तुझं नाव होतं."

मी म्हटलं, मग बोलला का नाहीस?

ते म्हणाले, "तू सांगशील म्हणून थांबलो होतो."

मग त्यांनी मला विचारलं, बीपीची गोळी घेतलीस का.

मिनल मॅडम घड्याळ दाखवताहेत. आवरतो. कार्यक्रमाला आलेल्या सर्वांचे, कँटीनच्या मंडळींचे, माइकवाल्यांचे मनापासून आभार. खाली जेवणाची सोय आहे, कुणीही न जेवता जाऊ नये. अशा वेळी शेवटी म्हणायचं असतं, की बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. बोलण्यातलं तुम्ही घालालच. पण जे अडीच वर्षं न बोलण्यात झालं, ते मी कुणाच्या पोटात घालू?

मन्सूरभाई, मी इथे तुमची माफी मागत नाही. एवढ्या लोकांत मागितली तर तुम्ही लगेच देऊन टाकाल. तेवढं सुद्धा मला तुमच्याकडून फुकट घ्यायचं नाही.

मी खाली बसतो.