नवसाला धरलेलं पिल्लू

— न्हाई मामू, कोंबडा न्हाई, कोंबडीच हाय ही. फडकं काढून बगा की. घाबरता कामून, चोच मारत न्हाई. तुमी तालुकदार सायबाचे बावर्ची, सायबाचा दौऱ्याचा तंबू पडलाय तिकडं आमराईत, मालूम हाय मला — सकाळधरनं समद्या चुडावा गावात कोंबड्या चाचपत हिंडायलाव तुमी. मंग तुमाला म्या काय सांगावं? तरी सांगते. कोंबडा घेऊ नका. लय चिवट. पाय लांब, छाताड नुसतं हाड, दुपार सरती, लाकडं सरत्येत, तरी दाताखाली दोरी. हिचं तसं न्हाई. तलंग हाय, नुकती अंड्यावर आलेली, कातड्याखाली पिवळी चरबी, तेल घालायचं काम न्हाई. — तो दोरा? तो लाल दोरा व्हय, काई न्हाई, दुसरीच्या कोंबड्यांत मिसळू नये म्हणून बांधलाय. — खरं हाय, कापायचा तर कोंबडा कापावा, कोंबडी ठेवावी, अंड्यावरची कोंबडी कुणी बाई इकत न्हाई. मंग मी कामून इकायले? माझी मर्जी. तुमाला कोंबडी पायजे का कारण पायजे?

नर-मादी मला इचारा ना. बारकं पिल्लू पाय धरून उलटं करायचं — मान वर काढून बगतं ते नर, गुमान लोंबती ती मादी. अंड्यातच कळतं मला. टोकदार अंडं कोंबड्याचं, गोल कोंबडीचं. पुढं तुरा लाल झाला, मानेवरची पिसं टोकदार निघाली, का मंग कुणाला बी दिसतं ओ, आधी सांगण्यात हुशारी हाय. गावातल्या बाया पदरात पिल्लं घेऊन यायच्या माझ्याकडं — चतुराबाई, बगा बरं, ह्यातली कोणती ठेवू? अन् खोटं कशाला बोलू, पोटुशा बाया बी यायच्या. चालण्यावरून सांगायची मी, पोरगा का पोरगी. डोकं लय वर गेलं व्हतं माझं, मामू.

ती बगा — तिकडं, ठेसनाच्या लिंबाच्या बुडाशी, टोपडं घातलेलं लेकरू घेऊन बसलीय ना, ती माझी सून, मनकर्णा. अन् तिच्याकडं पाठ करून उभा हाय तो माझा लेक, मुंजाजी. माहेरी घालवायलाय तिला. गाडी यायचीच हाय आता. अजून कच्ची बाळंतीण ओ, उठताना भिंत धरती. — पुन्यांदा आणायची? न्हाई. आणत न्हाई म्हनतो, दुसरी बायको करतो म्हनतो. — पोरगी झाली म्हणून? न्हाई न्हाई, नुसतं तेवढ्यावर न्हाई, माझा मुंजा इतका वंगाळ न्हाई. म्या सांगितलं त्याला तसं म्हणून. — काय सांगितलं? तुमी कोंबडी बगा ना, माझ्या तोंडाकडं काय बगता?

आता... हिला दिस गेले तव्हा म्या सटवाईला नवस बोलले. नातू दे माय, कोंबडा कापते तुला. देवीला कोंबडाच लागतो, कोंबडी चालत न्हाई. टोकदार अंड्यातलं एक पिल्लू धरलं, उलटं केलं, तेनं मान वर काढली. साऱ्या गल्लीदेखत त्याच्या पायात लाल दोरा बांधला — ह्यो देवीचा कोंबडा, अन् पोटात बी नातूच, म्हनले! घरात अंधारात डालग्याखाली ठेवला. शिवायचं न्हाई कुणी. मुंजा म्हनायचा, आई, कोंबडा आरवत कामून न्हाई गं? म्या म्हनायची, देवीचा हाय, गुमान ऱ्हातो. — हसू नका. दाणे टाकायला तेवढी मनकर्णा जायची. एका दिसी ऊन ऊन अंडं तळहातावर घेऊन आली. आत्याबाई, तुमच्या कोंबड्यानं अंडं दिलं! अन् अशी हसली बगा पोरगी, भरल्या पोटाला हात लावून. म्या अंडं हिसकलं, पदराखाली घातलं, म्हनले, कुणाला सांगशील तर बग. गाव हसंल म्हणून, दुसरं काय.

अन् झाली पोरगी. बाया दारात जमलेल्या, चतुराबाईचा नातू बगायला. कुणीतरी म्हनलं, अगं बाई, तुमचं कसं काय चुकलं ओ? अन् माझ्या तोंडून निघालं — माझं न्हाई चुकलं, हिनंच नवसाच्या कोंबड्याला ओलांडलं, देवी कोपली. मामू, असं काई झालंच न्हवतं. निघालं तोंडातून. मुंजानं तेच धरून ठेवलं, हिनं माझा ल्योक घालवला म्हनतो. अन् ती बाजंवर पडल्या पडल्या माझ्याकडं नुसती बगायली. आज निघताना म्या म्हनले, इटाळलेला कोंबडा गावात नको, ठेसनावर कुणाला तरी देऊन टाकते. तर तिनंच डालगं उचलून माझ्या डोक्यावर दिलं. तिला मालूम हाय ना आत काय हाय ते! भांडावं ओ तिनं, शिव्या द्याव्या मला, नवऱ्यापुढं माझं तोंड काळं करावं. गप कामून बसती?

— काय म्हनता? कुठं बोटं लावली तुमी? पोटात अंडं हाय? पुरं भरलेलं, आजच घालंल म्हनता? — अगं माय. — न्हाई, आणा इकडं. आणा म्हनते ना! हळू, दोरा तुटंल तो, दोरा तसाच ऱ्हाऊ द्या तिच्या पायात, त्यावरनंच वळखंल मुंजा नवसाचा कोंबडा. इकायची न्हाई मला. सायबाला काय बी घाला, तिकडं आश्रुबा कोंबडेवाल्याच्या डालग्यात कोंबडे हायेत मोप, चिवट निघाले तर शिजवा दुपारभर. शिटी झाली बगा गाडीची. सरा बाजूला, जाऊ द्या मला. मुंजा! ए मुंजाजी! गाडीत चढवू नकू रं तिला — हिकडं बग आधी, तुझ्या आईच्या हातात काय हाय ते बग!