टाकीवरच्या पेटीचं दार

— नाही हो भाऊ, मोडेमला काही झालेलं नाही, तो अगदी गुणी आहे — मी इथे खाली पंपघरात कॉम्प्युटरसमोरच बसलेय, त्याचा निरोप आत्ताच आलाय — सिग्नल चांगला, पेटीत जरा उकाडा, बॅटरी मात्र पार उतरलेली. ती बदलायलाच तर कंपनीने तुम्हाला टेकडीवर पाठवलंय ना? हां. टाकीत पाणी किती ते तर तो सांगतोच, पण स्वतःचं दुखलंखुपलंही रेडिओवरून कळवतो बिचारा, न विचारता — घरातली माणसं नाही सांगत एवढं! — आणि पेटीचं दार उघडं की बंद, तेही. म्हणजे सांगायचा. आता दाराचा स्विच चिकटलाय, कायम 'बंद'च दाखवतो. तर बॅटरीबरोबर तेवढा स्विचही बदला, काय?

कोण म्हणालं? अहो, आमचे हेच म्हणाले! त्या पेटीची देखभाल त्यांच्याकडेच आहे — दर गुरुवारी चढतात टेकडी. आजही गेलेत, भेटतीलच तुम्हाला. मीच एकदा विचारलं होतं, अहो, तुम्ही वर पेटी उघडता तरी माझ्याकडे दाराचा दिवा हिरवाच कसा? हसले. म्हणाले, स्विच गेलाय गं, त्या दिव्याकडे बघूच नकोस. नाही बघितलं. साहेब येता-जाता बोट दाखवायचे, म्हणून स्क्रीनवर त्या दिव्यावर चिकटपट्टीच लावून टाकली — माणूस एवढा उन्हातान्हाचा चढतो आणि लोक दिव्यावरून शंका घेणार? मला नाही खपत असलं.

नाही दिसले? वाटेत असतील. नाही, फोन नाही करता यायचा, वर फोन लागतच नाही ना, गुरुवारी दिवसभर बंदच असतो त्यांचा —

तुमचा कसा लागला?

नाही, काही नाही. कंपनी वेगळी असेल फोनची. तीच? बरं. असू दे. उघडा दार. काय आहे? पोळं? गांधीलमाश्यांचं — दाराच्या फटीवरच? म्हणजे दार उघडलं तर मोडेल असं? अहो, त्या माश्यांना काय, आठवडाभरात — वाळलंय म्हणता? जुनं? — थांबा, थांबा, उघडू नका अजून. फोन ठेवू नका, भाऊ.

अहो, घरी येतात तेव्हा बुटांना लाल माती असते. टेकडीचीच, दुसरीकडे कुठे आहे तसली? मी धुते ते बूट. मोरीत बसून, ब्रशने, शिवणीतली माती काडीने काढून — दमून आलेत म्हणून! तर असं आहे बघा, तो स्विच खरंच बिघडलेला असला तर माझा संसार जागेवर आहे. आणि चांगला असला, तर पायथ्याशी उभं राहून, मुद्दाम, हाताने माती चोळत होता हो हा माणूस बुटांना. माझ्याकडून धुऊन घ्यायला.

पट्टी काढतेय, नखाला येत नाहीये... निघाली. हिरवा आहे. उघडा. मोडा ते पोळं, उघडा. पूर्ण उघडलंत?

लाल झाला.

बंद करा बरं. — हिरवा. परत उघडा. — लाल. लगेच सांगतो हो मोडेम, एका दमात सांगतो! एवढे दिवस खरं तेच सांगत होता आणि मी त्याचंच तोंड बांधून ठेवलं होतं.

नाही, रडत नाहीये. स्विच चांगला आहे, त्याला हात लावू नका. बॅटरी तेवढी बदला आणि या खाली. आणि आमच्या ह्यांची वाट बघत थांबू नका. ते काही वर येत नाहीत. ठेवते.