मळकट काच

कालिबेक : मळकट? दादा, या काचेला मळकट म्हणता? नारीनच्या अख्ख्या बाजारात बंदुकीवरची अशी दुर्बीण दुसरी नाही.

एसेनकुल : तुझ्याच दुकानात दुसरी होती. लहान, हलकी. तीच घ्यायला हवी होती.

कालिबेक : ती तुम्ही बाजूला सारलीत! म्हणालात, पोरखेळ नको दाखवूस, दरीपलीकडचा रानबकरा मला शिंगाच्या गाठींसकट दिसला पाहिजे.

एसेनकुल : तू बोलून बोलून भुलवलंस मला. आत्याचा मुलगा म्हणून ऐकलं तुझं.

बुरुल : भुलवलं म्हणे. तांबडं शिंगरू दिलंत याला तिच्या बदल्यात, आणि मला सांगितलंत घरी आल्यावर. आधी विचारलं असतंत तर आज या बिचाऱ्याला एवढा डोंगर चढावा लागला नसता.

एसेनकुल : बुरुल, चहा दे.

बुरुल : मघाच ओतलाय. तुमच्या गुडघ्याशी आहे वाटी. अहो, इकडे. डावीकडे.

कालिबेक : शिंगरू मजेत आहे, वहिनी. माझ्या धाकट्याने त्याच्या गळ्यात घंटा बांधलीय. बरं दादा, नीट सांगा. होतं काय नेमकं?

एसेनकुल : सकाळी बघतो तर सगळा कडा जुन्या प्लॅस्टिकच्या कागदामागे ठेवल्यासारखा. ऊन समोरून आलं की आत दूधच दूध. नेमाच्या फुलीच्या रेषा तेवढ्या दिसतात, पण त्याही फुगलेल्या. जाड. बकरा त्यांच्यामागे लपेल, मग मी काय रेषा मारून आणू घरी?

कालिबेक : तुम्ही मोठं करून बघत असाल. पार टोकाला कडी फिरवली की काच थोडा उजेड खाते. शिवाय ऊन तापलं की हवा थरथरते. हे बघा, निम्म्यावर आणली. आता बघा.

एसेनकुल : दूध.

कालिबेक : डोळ्याजवळची ही फिरकी फिरवा. हळूहळू. आली स्वच्छ?

एसेनकुल : दूधच. जरा पातळ.

कालिबेक : थांबा, मला बघू दे. मला तर दादा, त्या कड्यावरची गवताची काडी न् काडी दिसतेय.

एसेनकुल : तुला दिसणारच. विकायची होती ना तुला.

कालिबेक : झालं! म्हणजे मी खोटारडा. मग वहिनींना बघू दे. त्या काही माझी बाजू घ्यायच्या नाहीत, शिंगरावरून अजून रागावल्यात माझ्यावर.

बुरुल : मी? एवढ्या वर्षांत त्या बंदुकीवरची धूळ पुसू दिली नाही यांनी मला.

एसेनकुल : आता देतोय. झोप त्या लोकरीच्या नमद्यावर, पोटावर. बंदुकीला धक्का लावू नकोस, पोत्यावर आहे तशी राहू दे.

बुरुल : गोळी नाही ना आत?

एसेनकुल : रिकामी आहे. गोळी सारायचा दांडा काढून खिशात ठेवलाय, हा बघ. एक डोळा मीट. अगदी टेकवू नकोस, चार बोटं अंतर ठेव.

बुरुल : काळंच दिसतंय सगळं... हां, आता गोल आला. अगं बाई!

कालिबेक : काय झालं?

बुरुल : हे एवढं जवळ असतं? तो लाल दगड, त्याला भेग आहे! इथे जन्म गेला माझा, त्याला भेग आहे ते माहीत नव्हतं. आणि हे काय हललं? कालिबेक, फुलीच्या खाली, करड्या रंगाचं?

कालिबेक : मला कसं कळणार वहिनी, दुर्बीण तुमच्याकडे आहे.

बुरुल : रानशेळ्या आहेत! एक, आणखी एक, आणि पिल्लं. एक पिल्लू आईच्या पाठीवर चढतंय. घसरलं. पुन्हा चढतंय मेलं. आई चरतेच आहे, ढिम्म. अहो, यांच्या पोटाखाली पांढरं असतं?

एसेनकुल : असतं. बोकड कुठे आहे?

बुरुल : बोकड कसा ओळखायचा?

एसेनकुल : शिंगं मागे वळून पाठीला टेकतील एवढी. दाढी काळी. कळपापासून जरा वर असतो, एकटा.

बुरुल : वर... वर दगडच आहेत. नाही, थांबा. आहे! बसलाय. काहीतरी चघळतोय, दाढी हलतेय. डाव्या शिंगाचं टोक तुटलंय त्याचं.

एसेनकुल : टोक तुटलेलं तुला दिसलं?

बुरुल : दिसलं म्हणजे काय, दिसतंय. आतला फिका भागसुद्धा.

एसेनकुल : बाजूला हो. ... कुठे म्हणालीस?

बुरुल : बंदूक हलवलीच नाही मी. फुलीच्या जरा वर.

एसेनकुल : तिथे काही नाही.

बुरुल : आहे हो.

एसेनकुल : नाही म्हणतोय ना! डाग आहे एक. करडा. दगड असेल.

बुरुल : मला द्या बघू. ... आहे. आता उठलाय, अंग झटकतोय. अहो, काच स्वच्छ आहे. आपल्या झऱ्याच्या पाण्यासारखी.

(चहाची वाटी खाली ठेवल्याचा आवाज येतो.)

कालिबेक : दादा, मागच्या हिवाळ्यात लांडगा आला होता तेव्हा काय झालं होतं?

एसेनकुल : चुकलो. कुंपणापाशी उभा होता, तरी चुकलो. म्हटलं, बंदूक म्हातारी झाली. नळीच्या टोकावरची नेमाची माशी धड दिसेना. म्हणून तर तुझ्या दुकानात आलो.

कालिबेक : उजवा डोळा झाका. डाव्याने बघा.

एसेनकुल : डाव्याने कोण नेम धरतं?

बुरुल : नेम धरू नका हो. नुसतं बघा.

एसेनकुल : ... उठलाय खरा. कड्याकडे चाललाय.

बुरुल : शिंग?

एसेनकुल : शिंगं आहेत. टोक नाही दिसत. तुटलेलं आहे म्हणून नाही दिसत, की मलाच दिसत नाही, काय सांगू?

कालिबेक : मोतीबिंदू असणार दादा. माझ्या सासूबाईंना झाला होता. त्यासुद्धा रोज खिडकीची काच पुसायच्या आणि सुनेला बोल लावायच्या. बिश्केकला नेऊन ऑपरेशन केलं. आता सुईत दोरा स्वतः ओवतात, आणि सुनेला बोल लावायला नवीन काहीतरी शोधतात.

बुरुल : ऐकलंत? एवढंसं तर असतं.

एसेनकुल : अतांनी, माझ्या वडिलांनी, बंदूक खाली ठेवली ती गोष्ट माहीत आहे ना तुम्हाला?

कालिबेक : गावात कोणाला माहीत नाही! डोंगराची राखणदारीण त्यांच्यासमोर पांढऱ्या रानशेळीच्या रूपात आली, आणि मामांनी तिथेच शपथ घेतली, पुन्हा जीव मारणार नाही म्हणून. आई सांगायची आम्हाला.

एसेनकुल : मी होतो त्या दिवशी बरोबर. अता खाली उतरले आणि एवढंच म्हणाले, समोर शेळी होती, पांढरी होती. सगळंच पांढरं होतं. त्या दिवशी आभाळात ढगाचा तुकडा नव्हता, कालिबेक. बाकीचं लोकांनी रचलं.

बुरुल : आणि त्यांनी रचू दिलं.

एसेनकुल : मलाही तेच खरं वाटत होतं. नंतर ते घोड्यावर लगाम सैल सोडून बसायचे. घोडा आपला आपण घरी यायचा. आम्ही म्हणायचो, बाप संत झालाय. माणसं बोलली की आधी हसायचे, मग नाव घ्यायचे. मला वाटायचं, केवढं हे प्रेम. ते आवाज ओळखत असतील.

कालिबेक : शपथही खरी असेल दादा. दोन्ही असू शकतं.

एसेनकुल : असेल. आता विचारू कोणाला?

बुरुल : तुम्हाला मी विचारतेय. कधीपासून आहे हे?

एसेनकुल : वसंतापासून. त्याआधीही असेल. आधी वाटलं धूर आहे. मग वाटलं धूळ. मग ही दुर्बीण आली, तेव्हा वाटलं, चला, दोष काचेचा आहे.

बुरुल : मला का नाही सांगितलंत?

एसेनकुल : शिकाऱ्याला दिसत नाही, हे सांगायचं तरी कसं? काय म्हणून सांगायचं?

बुरुल : वाटी सापडत नाही म्हणून सांगायचं. तेवढ्यावर कळलं असतं मला.

कालिबेक : मग दादा, असं करू. दुर्बीण मी परत घेतो. शिंगरू उद्याच आणून बांधतो. माझा धाकटा रडेल, पण रडू दे.

बुरुल : मुळीच नाही.

कालिबेक : वहिनी? मघाशी तर तुम्हीच...

बुरुल : मघाशी मी आत बघितलं नव्हतं. शिंगरू राहू दे तुझ्या पोराकडे. दुर्बीण इथेच राहील. बंदुकीवरून उतरवून दे मला तेवढी.

एसेनकुल : आणि शिकारीचा परवाना? आठवड्याभरात निघायचं होतं मला.

बुरुल : त्याऐवजी बिश्केकला निघायचं. कालिबेक गाडी काढेल.

कालिबेक : काढतो. सासूबाईंनाही घेऊ, डॉक्टर त्यांना ओळखतो.

एसेनकुल : सासूबाई नकोत.

कालिबेक : बरं, सासूबाई नाहीत.

एसेनकुल : आणि डॉक्टर म्हणाला, उशीर झालाय, तर?

बुरुल : ते तो म्हणेल तेव्हा. आता माझ्याकडे बघा. इथे, उन्हाकडे पाठ करून बसलेय मी. दिसते का? खरं सांगा.

एसेनकुल : दिसतेस. कडा नाहीत तुला, पण दिसतेस.