आबांचे सोन्याचे दात

दंतवैद्यांच्या प्रतीक्षाकक्षात माझ्या शेजारच्या बाकावर एक वयोवृद्ध आजोबा आणि त्यांची महाविद्यालयात शिकणारी नात विराजमान होती.

“आबा, तासाभरात तोंडी परीक्षा आहे आणि मला अजून पटतच नाही. रिक्त संच प्रत्येक संचाचा उपसंच कसा? त्यात तर काहीच नसतं!”

“माझ्या तोंडातला प्रत्येक दात सोन्याचा आहे.”

“थट्टा पुरे. तुम्हाला एकही दात नाही.”

“मग पाड मला खोटं. सोन्याचा नसलेला एक तरी दात दाखव.”

“कुठून दाखवू? अरेच्चा! रिक्त संचातलाही दुसऱ्या संचाबाहेर राहणारा एक घटक दाखवता येत नाही, म्हणून तो उपसंच!”

“अक्कलदाढ गेली गं माझी, अक्कल शाबूत आहे.”

आतून हाक आली, “आजोबा, या. कवळी तयार आहे.”

“थांबा हो डॉक्टर!” आबांचा हात धरत नात म्हणाली. “कवळी उद्या बसवा. आज माझी सिद्धता मला अशीच परीक्षकांसमोर न्यायची आहे!”