चापटीची जागा

दातांच्या दवाखान्यात सुतार सुजलेला गाल धरून उभा होता. त्याच्यापुढे एकच आजी होत्या, पण नंबरची चिठ्ठी देणाऱ्या नव्या यंत्रापाशी वहीवाल्या एका मुलीनं त्यांना थांबवलं होतं.

“आजी, हे यंत्र आम्ही तुमच्यावरूनच केलंय.”

“माझ्यावरून?”

“लोक जुनं यंत्र कसं वापरतात ते बघायला गेल्या महिन्यात मी त्या कोपऱ्यात बसले होते. तुम्ही बटण दाबलंत, चिठ्ठी आली नाही, मग यंत्राला चापट मारलीत.”

“मारली. दाढ ठणकत होती आणि ते ढिम्म हलेना.”

“तुमच्यानंतर अकरा जणांनी तेच केलं. म्हणून नव्या यंत्रात बटण काढूनच टाकलं. हा लाल गोल आहे ना, तिथं चापट मारायची.”

“अगं, बटण बिघडलं होतं. मला विचारायचंस तरी.”

“मधे बोलायचं नसतं आजी. नुसतं बघायचं असतं.”

“म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. बरं, आज मला राग आलेला नाही. हळूच हात लावू?”

“हळू लावलात तर चिठ्ठी येत नाही.”

सुतार कण्हला. आजींनी सणसणीत चापट मारली. चिठ्ठी आली नाही.

“आता आला राग. आता मारायचं कुठं?”

मुलीनं वहीचं कोरं पान उघडलं.

“तुम्हाला कुठं मारावंसं वाटतंय?”

“जरा जवळ ये, दाखवते.”