हातभर पाणी, पुरुषभर बंदूक

बंदुकीवरून आठवलं गड्या. माझा साळा सलीम दुबईहून सिरोंच्याले आला, तो मासे मारायची पुरुषभर लांब भाल्याची बंदूक घेऊन. आमी तिघं नावेत बसलो, तवा आमच्या मल्लय्या नावाड्यानं गढूळ गोदावरीत वल्हं बुडवलं. हातभर खाली ते दिसेनासं झालं.

"इथी हातभरच दिसते, भाऊ. बंदूकही तेवढीच आणा लागत होती."

"चाचा, समुद्रात हीच चालते," म्हणत सलीमनं बुडी मारली.

थोड्या वेळानं वर येऊन ओरडला, "एवढा मोठा काळा मासा! भाल्याची दोरी ओढून राह्यलो, पण हालत नाई!"

कसा हालन? भाला नावेच्या बुडातून माझ्या चपलेपाशी निघाला होता.

डब्यानं पाणी उपसत मल्लय्या म्हणाला, "भाऊ, हातभराच्या पुढं आमी बसून राह्यलो ना!"